गॅरेजमधली बॅराकुडा

पाडव्याचं ओवाळून झालं तरी अहिल्येने तबक खाली ठेवलं नाही. प्रल्हादने खिशातून छोटी डबी काढली. आत मोत्याच्या कुड्या होत्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून येताना सूनबाईनेच, आश्लेषाने, सासऱ्याच्या वतीने त्या आणल्या होत्या. त्याने डबी पुढे केली तसं अहिल्येने तबक जरासं मागे घेतलं.

"कुड्या राहू देत," ती म्हणाली. "या वर्षी मला गॅरेजची किल्ली द्या."

ऋषी सोफ्यावर बसून हसला. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. आश्लेषा हसली नाही. ती प्रल्हादकडेही बघत नव्हती, खाली रांगोळीकडे बघत होती, आणि तेवढ्यावरून प्रल्हादच्या लक्षात आलं की या दोघींचं आधी बोलणं झालेलं आहे.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराला त्याने मागच्या वर्षी सप्टेंबरात नवं कुलूप बसवलं होतं. वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना वाईट, कुणी अचानक आत यायला नको, असं कारण त्याने दिलं होतं. श्रूजबरीच्या त्या घरात तेव्हा दोघंच राहत होती. 'कुणी' म्हणजे कोण, हे अहिल्येने विचारलं नव्हतं.

"आत पसारा आहे," तो म्हणाला.

"असू दे."

"अगं, काम अर्धवट आहे."

"सहा वर्षं अर्धवटच आहे. मी काही परीक्षा घ्यायला येत नाहीये. द्या."

निरांजन फडफडत होतं. तिने तबक तसंच पुढे धरून ठेवलं. प्रल्हादने लेंग्याच्या खिशातून किल्ली काढली आणि सुपारीशेजारी ठेवली.

फराळ करताना ऋषीने टेबलावर लॅपटॉप उघडला. सोमवारची सुट्टी जोडून तो तीन दिवसांसाठी आला होता आणि येताना एक बेत घेऊन आला होता. कनेक्टिकटमध्ये जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारं एक मोठं वर्कशॉप त्याने शोधलं होतं. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र फरशीवर लाल, पिवळ्या, निळ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. कारागीर डॉक्टरांसारखे हातमोजे घालून होते.

"हे लोक फक्त मसल कार्स, म्हणजे अशा जुन्या दणकट इंजिनांच्या गाड्या, करतात, बाबा. आपली गाडी ते ट्रेलरवरून घेऊन जातील. आठ महिन्यांत परत. तुम्हाला आणि आईला माझ्याकडून दिवाळीचं गिफ्ट. मी आधीच त्यांच्याशी बोललोय."

"आणि मी काय करू?" प्रल्हादने विचारलं.

"तुम्ही चालवा ना. मजा करा."

"ती गाडी मी करतोय, ऋषी."

"मला माहितीये. पण तुम्ही पासष्ट वर्षांचे आहात. दिवसभर एकटे जॅकवर चढवलेल्या गाडीखाली झोपता. एक दिवस ती अंगावर आली, तर आईला कळणार कधी? तुम्ही जेवायला आला नाहीत म्हणजे?"

प्रल्हादने चकली मोडली आणि तुकडे ताटात नीट लावत बसला. अडुसष्ट सालची प्लिमथ बॅराकुडा. शिकायला आला तेव्हा वुस्टरच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बघून तो थबकला होता आणि नोकरी लागल्यावर कुणाची तरी वापरलेली, गडद हिरवी, त्याने घेतली होती. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत लोगन विमानतळावरून अहिल्येला घरी आणलं ते याच गाडीतून. ती शालीवर शाल गुंडाळून बसली होती आणि इंजिनच्या आवाजाला इतकी घाबरली होती की तिने दाराचा दांडा घरापर्यंत सोडला नव्हता. दोन्ही मुलं हॉस्पिटलमधून घरी आली तीही याच गाडीतून. मग हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तळाचा पत्रा खाऊन टाकला, मुलं मोठी झाली, चार दारांची गाडी लागली, आणि बॅराकुडा ताडपत्रीखाली गेली. रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने ताडपत्री काढली. तीस वर्षं मशिनं डिझाइन केलेला माणूस. एका गाडीचं काय एवढं, असं त्याला वाटलं होतं.

"बाहेरच्याला द्यायचीच असेल," आश्लेषा म्हणाली, "तर घरात माणूस आहे की."

आश्लेषा नागपूरची. मनातलं मनात ठेवून चार वाक्यं फिरवून बोलायची रीत तिला जमत नसे, आणि सासरी आल्यापासून आठ वर्षांत तिने ती शिकायचा प्रयत्नही केला नव्हता.

"कोण माणूस?" प्रल्हाद म्हणाला, जणू त्याला माहीत नव्हतं.

"निमिष. मी त्याला फोन केला होता, बाबा. तो अकरा वाजता येतोय. फक्त बघायला."

ऋषी बायकोकडे वळला. "तू मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"ऑफ कोर्स नको म्हणालो असतो. पाडव्याच्या दिवशी तमाशा कशाला?"

"तिला मी सांगितलं फोन करायला," अहिल्या म्हणाली. "माझ्या हातून नंबर दाबवेना."

ऋषीने लॅपटॉप हळूच मिटला. मोठा झाल्यापासून त्याला असंच करताना प्रल्हादने पाहिलं होतं. त्याला राग आला की तो वस्तू जास्तच जपून हाताळायचा. "दर रविवारी फोन मी करतो," तो म्हणाला, कुणालाच न उद्देशून. "चार वर्षांत एक रविवार चुकवला नाही." आणि उठून मागच्या अंगणात गेला. काचेतून तो दिसत होता. थंडीत, बिनकोटाचा, हात खिशात घालून, मेपलच्या गळलेल्या पानांत उभा. त्याच्याकडे जावं असं प्रल्हादला वाटलं. पण तो बसून राहिला.

निमिष, धाकटा, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडून गाड्यांचे पत्रे ठोकायला गेला त्याला आता दहा वर्षं झाली होती. सध्या न्यू हॅम्पशायरमध्ये तिघा जोडीदारांसोबत त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. पण तुटलं ते शिक्षण सोडल्यामुळे नव्हे. ते जखमेसारखं दुखत राहिलं, तरी येणं-जाणं होतं. तुटलं ते दोन हजार तीन साली, याच गॅरेजमध्ये. प्रल्हाद तळाचा सडलेला पत्रा कापायच्या तयारीत होता. निमिष गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला होता, "बाबा, दोन्ही बाजू एकदम कापू नका. आधी आत आडव्या नळ्या वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी पिळली जाईल." आणि प्रल्हाद म्हणाला होता, "ज्याने पदवी पुरी केली नाही त्याने मला बलांचे नियम शिकवू नयेत." अहिल्या चहा घेऊन दारात उभी होती. निमिषने चहा घेतला, प्यायला, कप धुऊन ठेवला, आणि तो गेला तो परत आला नाही.

अकरा वाजता त्याचा पिकअप ड्राइव्हवेत येऊन थांबला. प्रल्हाद खिडकीपासून दूर सरला. दारातून आधी अहिल्येचा आवाज आला, मग आश्लेषाचं "अरे, बूट राहू दे." निमिष आत आला. दाढी वाढवली होती, त्यात तिशीतच एक-दोन पांढरे केस होते. त्याने वाकून बापाच्या पायांना हात लावला. तसा तो लहानपणी कधी लावत नसे.

"कसे आहात, बाबा?"

"बरा आहे. रस्ता कसा होता?"

"ठीक होता. टू नाइंटी हायवेवर थोडा ट्रॅफिक."

अहिल्येने किल्ली निमिषच्या हातात न देता स्वतः जाऊन कुलूप उघडलं.

गॅरेजमध्ये थंडी होती आणि तेलाचा जुना वास होता. चार स्टँडवर चढवलेली बॅराकुडा रंग खरवडलेली, राखाडी, चाकांशिवाय उभी होती. भिंतीवर हत्यारं मापाने लावलेली होती. फळीवर नट-बोल्टांच्या बरण्या, प्रत्येकीवर प्रल्हादच्या बारीक मराठी अक्षरात चिठ्ठी: 'डावे दार, वरची बिजागरी', 'पुढची काच, पट्टी'. पसारा कुठेच नव्हता. इतकं स्वच्छ होतं की अहिल्या दारातच थबकली. एका उलट्या क्रेटवर उशी ठेवलेली होती आणि तिच्यात बसून बसून खड्डा पडला होता.

ऋषीही अंगणातून आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

निमिषने गाडीला हात लावला नाही. आधी तो गुडघ्यांवर बसला आणि टॉर्चने तळाखाली बराच वेळ बघत राहिला. मग उठून ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावलं. ते लागलं. पलीकडचं लावलं. ते वरच्या कोपऱ्यात पत्र्याला घासलं आणि अडलं. त्याने दुसऱ्यांदा ढकललं नाही. खिशातून टेप काढली.

"दादा, हे टोक धर."

ऋषीने टेपचं टोक धरलं. निमिषने डाव्या पुढच्या खांबापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं, मग उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. पुन्हा एकदा दोन्ही. प्रल्हादला आकडे पाठ होते. त्याने ते शंभरदा घेतले होते, दोन वेगवेगळ्या टेपांनी, एकदा सुतळीनेसुद्धा.

"पाऊण इंच," प्रल्हाद म्हणाला.

निमिषने वळून पाहिलं. "तुम्हाला माहितीये?"

"मागच्या सप्टेंबरपासून. दारं बसवली तेव्हा कळलं."

"म्हणजे काय?" ऋषीने विचारलं. "पाऊण इंच काय?"

"बॉडी पिळली गेलीय," निमिष म्हणाला. "दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. नाही आले. दाराखालच्या पट्ट्या दोन्हीकडून एकदम कापल्या, आतून सपोर्ट नव्हता, सो इट सॅग्ड, मधे खाली झुकली. आणि मग त्याच पोझिशनमध्ये नवीन पत्रा वेल्ड झाला." त्याने तळाच्या जोडावरून बोट फिरवलं. "वेल्ड्स मात्र छान आहेत, बाबा. रिअली. माझ्याकडचा एक जण पाच वर्षं शिकतोय, त्याचे असे येत नाहीत."

ही स्तुती प्रल्हादला सगळ्यांत जड गेली. तो शिव्या ऐकायच्या तयारीने उभा होता.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो. आय रिमेंबर."

"मी कागदावर हिशेब मांडला होता. चार कोपऱ्यांना स्टँड आहेत, वजन वाटलं जाईल. हिशेब बरोबर होता. गंजलेल्या पत्र्यात किती जीव उरलाय, तेवढं धरलं नाही."

निमिषने टेपची कळ सोडली. टेप सरकन आत गेली. मग अहिल्या दारातून पुढे आली आणि गाडीच्या पलीकडे, क्रेटशेजारी उभी राहिली.

"मागच्या सप्टेंबरपासून," ती म्हणाली. "चौदा महिने झाले. रोज दहा ते एक, तीन ते पाच. तुम्ही इथे काय करत होतात?"

प्रल्हादने उशीकडे पाहिलं.

"बसायचो."

"नुसते?"

"बरण्या पुसायचो. पेपर वाचायचो. मधूनमधून ग्राइंडर चालू करायचो. हवेतच. घरात आवाज जावा म्हणून."

आश्लेषाने तोंड फिरवलं. ऋषी भिंत सोडून पुढे आला आणि मध्येच थांबला. प्रल्हादला वाटलं होतं, हे बोलल्यावर जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी पानं उडवायचं यंत्र चालवत होतं. तो आवाज तेवढा वाढला आणि दूर गेला.

"नीट होईल का?" अखेर ऋषीनेच विचारलं.

"होईल. पण आधी तळाचं सगळं काम कापून काढावं लागेल. मग बॉडी जिगवर, म्हणजे लोखंडी चौकटीवर, बांधून हळूहळू ओढून सरळ करायची, मग नवीन पत्रा." निमिष बापाकडे बघून बोलत होता. "तुमच्या कामातलं खाली काही राहणार नाही, बाबा. आधीच सांगतो."

"कनेक्टिकटवाले करतील हे?" प्रल्हादने विचारलं.

"हो. दादाने चांगलं शॉप शोधलंय. माझ्यापेक्षा त्यांची मशिनरी भारी आहे. ते आठ महिने म्हणत असतील तर आठ महिन्यांत देतील. मला दीड वर्ष लागेल, कारण आधीच्या गाड्या रांगेत आहेत. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांना द्या."

ऋषीच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. "तुझं शॉप बघितलं नाही मी कधी," तो म्हणाला. निमिषने खांदे उडवले. "बोलावलं नाही मी कधी."

सगळे प्रल्हादची वाट बघत होते. त्याला एकदम खूप थकल्यासारखं झालं. क्रेटवर बसावंसं वाटलं, पण सगळ्यांदेखत तिथे बसणं त्याला जमेना.

"ज्याने आधी सांगितलं होतं, त्याच्याकडे जाऊ दे," तो म्हणाला. मग ऋषीकडे वळून, "तुझ्या लोकांना नाही म्हणून कळव. आणि रागावू नकोस. तू फोन करतोस ना रविवारी, मी दहा वाजल्यापासून फोनजवळ बसलेला असतो. तुला कधी बोललो नाही, एवढंच."

ऋषीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, निमिष एका जोडीदाराला आणि लांब ट्रेलरला घेऊन आला. गाडीला तात्पुरती चाकं लावून ती चढवायला दोन तास लागले. प्रल्हाद बरण्या खोक्यांत भरत होता, चिठ्ठ्या वर येतील अशा. दोन खोकी भरल्यावर त्याला सुचलं की तिथल्या कुणालाच मराठी वाचता येणार नाही. निमिषलासुद्धा नाही. मुलगा आठ वर्षांचा असताना दर शनिवारी त्याला बाराखडी शिकवायचं ठरलं होतं, आणि दर शनिवारी काहीतरी दुसरं निघालं होतं.

"यांच्यावर इंग्रजीत लिहून देऊ का?" त्याने विचारलं.

"नको. फोटो काढून आईला पाठवीन. ती सांगेल."

साखळ्या आवळून झाल्या. जोडीदार गाडीत जाऊन बसला. निमिष हात पुसत उभा होता, आणि प्रल्हादने काल दुपारपासून घोळवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"मी येऊ का अधूनमधून? शिकवायला नाही. हाताखाली. पाना दे म्हणालास तर पाना देईन."

निमिषने फडक्याची नीट घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"नको, बाबा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आत्ता नको. तुम्ही बघत उभे असलात की माझे हात अजून पंधरा वर्षांच्या मुलासारखे होतात. मग मी चुका करतो. तुमची गाडी मला बिघडवायची नाहीये."

"बरं."

"बॉडी सरळ झाली की फोन करतो."

"आईला?"

"तुम्हाला," निमिष म्हणाला, आणि जरा थांबून पुन्हा वाकला. या वेळी पायांपाशी पोचण्याआधीच प्रल्हादने त्याचे खांदे धरले. काही क्षण दोघंही तसेच अवघडून उभे राहिले, कुणी कुठे हात ठेवायचा ते न ठरवता. मग ट्रेलर वळणावर हळूहळू दिसेनासा झाला.

सोमवारी ऋषी आणि आश्लेषा गेली. निघताना आश्लेषाने सासऱ्याला म्हटलं, "बाबा, बॉथेलला या. पाऊस पडतो सारखा, पण घरात माणसं असतात." तो हो म्हणाला.

मंगळवारी सकाळी दहा वाजता त्याचे पाय सवयीने गॅरेजकडे वळले. दार आता नुसतंच लोटलेलं होतं. आत सिमेंटच्या जमिनीवर चार स्टँडचे चार चौकोनी ठसे होते आणि मधे तेलाचा मोठा काळा डाग. खोलीएवढी वाटणारी जागा आता मोठ्या हॉलसारखी दिसत होती. त्याने झाडू घेतला, झाडायला तसं काही नव्हतं तरी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली.

थोड्या वेळाने अहिल्या दोन कप चहा घेऊन आली. एक कप तिने फळीवर, जिथे बरण्या असायच्या, तिथे ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"काम होत नाहीये ते. ग्राइंडर पत्र्यावर टेकला की त्याचा आवाज बसतो. नुसता फिरला की वर चढतो, रिकामा वाजतो. पाच वर्षं ऐकलेलं होतं मी. मला कळणार नाही, असं वाटलं तुम्हाला?"

प्रल्हादने झाडू भिंतीला लावला. त्याला ती दुपारची वेळ आठवली. तो इकडे यंत्र हवेत धरून उभा, आणि भिंतीपलीकडे ती, तोच आवाज ऐकत, पोळ्या लाटत.

"मग दार का नाही वाजवलंस?"

"वाजवलं असतं तर उघडलं असतंत?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. तिनेही ते चालवून घेतलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी रेडिओ मोठा लावायचे." ती चहाचा एक घोट प्यायली. "तुम्ही एकटे होतात आणि मी काही मजेत नव्हते. पण तेव्हा वाटायचं, निदान त्यांना एक जागा आहे. ती कशाला काढून घ्या."

बाहेर त्या वर्षीचं पहिलं जाड, गोठलेलं दहिवर पडलं होतं. ड्राइव्हवेत तिची कोरोला उभी होती, काचा पांढऱ्या झालेल्या. इतकी वर्षं हिवाळ्यात दर सकाळी ती खरवडणी घेऊन त्या काचा खरवडत आली होती, कारण आत बॅराकुडा होती. ही गोष्ट प्रल्हादच्या आज पहिल्यांदा ध्यानात आली, आणि इतक्या वर्षांत कशी आली नाही, याची त्याला लाज वाटली.

"किल्ली आण," तो म्हणाला. "तुझी गाडी आत घे."

त्याने मोठं शटर वर केलं. थंड हवा आणि उन्हाचा झोत एकदम आत आला. अहिल्या कोट घालून गेली, गाडी सुरू केली, काच खरवडली नाही, नुसती हाताने पुसून दिसण्यापुरती जागा केली आणि फार सावकाश पुढे आली. प्रल्हाद तिच्यासमोर उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत मागे मागे सरकत होता. अजून जरा. डावीकडे. बस.

इंजिन बंद झालं. ती लगेच उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून, दहिवर वितळत चाललेल्या काचेतून समोरच्या भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत बसून राहिली. तो वाट बघत उभा होता. मग तिने बाजूला झुकून पलीकडच्या दाराचं बटण वर केलं, आणि प्रल्हाद गाडीला वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसला.